टमरेलभर तेल

आमच्या घरात सिनेमा पाहून कोणाचा संसार बिघडला असेल, तर तो माझ्या आत्याचा. आणि तोही कुठल्या सिनेमानं? तर ‘शिर्डी के साई बाबा’नं! १९७७ सालचा हा सिनेमा आमच्या गावात जत्रेच्या तंबूत आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गाव पारनेर तालुक्यातलं. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. २०२४ पासून तो अहिल्यानगर झाला, पण आत्या अजून नुसतं ‘नगर’ म्हणते आणि दोन्ही बाजूंचं मन राखते.

आत्या तंबूबाहेर चपला काढून आत बसली. देवाचा सिनेमा, मग चपला घालून कसं बसायचं? (त्या चपला परत मिळाल्या नाहीत. पण तो या लेखाचा विषय नव्हे.) सुधीर दळवी पडद्यावर आले तसे बायकांनी हात जोडले. मग तो प्रसंग आला. बाबा मशिदीत दिवे लावण्यासाठी तेल मागतात, दुकानदार ‘तेल नाही’ म्हणतात, आणि बाबा पणत्यांत पाणी घालून दिवे पेटवतात. आशाबाईंचा आवाज लागला, पडदाभर दिवेच दिवे झाले आणि सगळा तंबू गहिवरला. फक्त आमची रांग गहिवरली नाही, कारण पुढच्या तीन रांगा मागं वळून आमच्याकडे बघत होत्या. गावातलं एकुलतं एक किराणा दुकान आत्याचं होतं!

दुसऱ्या दिवशी आत्यानं दुकानात नवा कायदा केला. साखरेला, चहाला, बिडीला उधारी बंद. पण तेल मागायला कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही. गावाला ही बातमी कळायला तंबूचं भोंपू लागलं नाही. आसपासच्या चार वाड्यांची भजी कित्येक वर्षं आमच्या तेलात तळली जात होती. वहीवर वही भरत गेली. काका तर लग्नानंतर तीन वर्षांतच वारलेले, पदरी मूल नाही. दुकान हेच काय ते तिचं माणूस. तेही पुढे बंद पडलं. मी तिला एकदा रागानं म्हणालोसुद्धा, “आत्या, अगं तो सिनेमा होता! ती मशीद नव्हे, सेट असतो. ते दिवे त्यांच्या माणसांनी लावलेले असतात.”

ती म्हणाली, “मला ठाऊक नाही होय? पण शिर्डीत खरी मशीद आहे ना?”

आहे. तीच बघायला गेल्या वर्षी मी तिला घेऊन गेलो. वय वर्षं ब्याऐंशी, गुडघे त्याहून जुने, आणि मांडीवर एक पिशवी. पिशवीत काय ते सांगेना. गाडीत मी तिला माझी विद्वत्ता ऐकवली. म्हटलं, “आत्या, समाधी मंदिरात जी संगमरवरी मूर्ती आहे ती मूर्तिकार बाळाजी तालीम यांची. बसवली १९५४ साली. बाबा गेले १९१८ च्या दसऱ्याला. म्हणजे मूर्ती छत्तीस वर्षांनंतरची. आणि ते मंदिरही मुळात नागपूरच्या बुट्टींनी बांधलेला वाडा.” आत्या म्हणाली, “बरं. मशिदीचं सांग.”

मशिदीचं सांगायचं तर द्वारकामाई हे नाव बाबांनीच ठेवलेलं. आज आपण बघतो ती फरशी, तो सभामंडप, यांतलं बाबांच्या सुरुवातीच्या काळात काही नव्हतं. पडकी, मातीची मशीद आणि पुढं लहानसं अंगण. दुरुस्ती करायची तर बाबा करू देईनात. शेवटी भक्तांनी युक्ती काढली. बाबा एकाआड एक रात्र चावडीत निजायला जात. साईसच्चरितात हेमाडपंत, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकर, सांगतात की बाबा चावडीत असताना एका रात्रीत फरशी घातली गेली. आपल्याकडे एका रात्रीत बांधकाम उठल्याचं हे एकच पवित्र उदाहरण असावं.

सभामंडपाचं मात्र इतकं सोपं गेलं नाही. १९११ साली काकासाहेब दीक्षितांनी लोखंडी खांब आणले. भक्त रात्रभर खपून ते उभे करीत आणि सकाळी चावडीतून परतलेले बाबा ते उपटून टाकीत. एकदा तर खांब हलवता हलवता दुसऱ्या हातानं त्यांनी तात्या पाटलांची मानगूट धरली, त्यांचा फेटा हिसकला, काडी लावली आणि खड्ड्यात फेकला. थोड्या वेळानं राग निवला. मग दुकानदाराकडून जरीचा फेटा मागवून स्वतःच्या हातानं तात्यांच्या डोक्याला बांधला.

“बघ,” आत्या म्हणाली, “दुकानदारानं फेटा दिला.”

एवढ्या सगळ्या इतिहासातून तिनं नेमका दुकानदार उचलला होता!

द्वारकामाईत शिरलो आणि खरं सांगतो, मीच हिरमुसलो. माझ्या डोक्यात तंबूच्या पडद्यावरची मशीद होती. त्या मशिदीत दिव्यांना अंत नव्हता. दोष सिनेमावाल्यांचा नाही, नऊ वर्षांच्या डोळ्यांचा. इथं मात्र एक धुनी, जातं, एक शिळा आणि पुढं सरकणारी रांग. सभामंडप वजा केला, तर बाबांच्या त्या जुन्या मशिदीत गावातल्या लग्नाची एक पंगतही मावली नसती. म्हटलं, आता आत्या काय म्हणते! जिच्यापायी दुकान बुडालं ती मशीद एवढीशी निघाली.

आत्या धुनीपाशी हात जोडून उभी होती. मग तिनं मान फिरवून कोपरा न् कोपरा पाहिला. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाची बाटली पाहून माप ओळखतो, तशी तिची नजर फिरली. ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय. बाहेर आल्यावर म्हणाली,

“अरे, ह्याला लागून लागून तेल ते किती लागलं असतं? टमरेलभर! आणि मेल्यांनी तेवढ्याला नाही म्हटलं!”

पोथीतही बाबांच्या हातात टमरेलच आहे. पडद्यावर दिवे इतके होते की तेल नाकारणाऱ्याला निदान खर्चाची सबब होती. खऱ्या मशिदीनं तीही ठेवली नाही.

मग पिशवीतून बाटली निघाली. गोडं तेल, अर्धा शेर. बंद दुकानाच्या फळीवरचं माप तिनं अजून ठेवलंय, त्यानंच मोजून आणलेलं. “इथं कुठं घालायचं?” मी गोंधळून म्हणालो. “ते माझ्यावर सोड,” म्हणून ती जवळच्या मारुतीच्या देवळाकडे वळली. मारुतीला तेल कोणी नाही म्हणत नाही.

परतताना मी विचारलं, “आत्या, तुझ्या त्या उधारीच्या वह्यांचं काय केलंस?”

“कुठल्या वह्या?” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.