मुंगीपासून एचबीएवनसीपर्यंत : साखर मोजण्याचा इतिहास

१/ ‘लघवीला मुंग्या लागल्या तर मधुमेह समजावा,’ हे वाक्य आजही अनेक घरांत ऐकू येते. ही समजूत निराधार नाही. तिच्यामागे सुमारे दोन हजार वर्षांचे निरीक्षण आहे. मग तिच्यावर विसंबणे धोक्याचे का? त्याचे उत्तर या रोगाच्या तपासणीच्या इतिहासात आहे.

२/ चरक व सुश्रुत या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. मधुमेह हा त्यांपैकी एक. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. युरोपात १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने मूत्राच्या गोडीची नोंद केली. त्याचे उपकरण एकच, स्वतःची जीभ.

३/ १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने रुग्णाचे मूत्र आटवले. मागे उरलेला चुरा साखरेसारखा गोड होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्णाच्या रक्तद्रवालाही त्याला गोडी आढळली. अर्थात साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती. ती आधीच रक्तात होती.

४/ तरीही पुढे शतकाहून अधिक काळ तपासले गेले ते मूत्रच, कारण रक्तातील साखर मोजण्यास तेव्हा बरेच रक्त लागे. १९०८ मध्ये स्टॅन्ली बेनेडिक्टने आपले द्रावण मांडले. मूत्रासह तापवताच हे निळे द्रावण साखरेच्या प्रमाणानुसार हिरवे, पिवळे, नारिंगी किंवा विटकरी होते. अनेकांनी हा प्रयोग महाविद्यालयात केला असेल.

५/ या पद्धतीची मर्यादा मूत्रपिंडातच दडलेली होती. निरोगी मूत्रपिंड गाळलेली साखर पुन्हा रक्तात परत घेते. रक्तातील पातळी साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यावरच ती मूत्रात उतरते. म्हणजे उपाशीपोटी १४० असलेल्या रुग्णाचे द्रावण निळेच राहू शकते. मुंगी, जीभ आणि बेनेडिक्टचे रंग या तिघांचीही साक्ष खरी होती. पण ती उशिरा मिळत होती.

६/ १९१३ मध्ये ईवार बांग यांनी थोड्या थेंबांत रक्तशर्करा मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचले गेले, आणि मोजमापाला नवे महत्त्व आले. मात्रा कमी पडली तरी धोका, अधिक झाली तरी धोका. १९६० च्या दशकात रक्ताच्या एका थेंबावर चालणारी रंगपट्टी आली; घरोघरच्या ग्लुकोमीटरची ती पूर्वज.

७/ १९६८ मध्ये तेहरानचे सॅम्युएल रहबर हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक अनपेक्षित अंश वाढलेला दिसला. हाच एचबीएवनसी : साखर चिकटलेले हिमोग्लोबिन. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो.

८/ आजच्या चाचण्या म्हणूनच वेगवेगळे प्रश्न विचारतात. किमान आठ तासांच्या उपवासानंतर १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक : हे मधुमेहाचे निकष. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावर निदान होत नाही. खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात. उपाशीपोटीचा १०० ते १२५ हा पट्टा सामान्यतः मधुमेहपूर्व अवस्थेचा मानतात.

९/ हे आकडेही इतिहासाचेच अपत्य. १९९७ पर्यंत उपाशीपोटीचा निकष १४० होता. डोळ्यांच्या पडद्याची हानी त्याखालीच सुरू होते असे दिसल्यावर तो उतरवला गेला. एचबीएवनसीही सर्वत्र लागू पडत नाही. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा फसवा कमी येऊ शकतो. अशा वेळी थेट रक्तशर्कराच पाहावी लागते.

१०/ चरकाच्या काळी मुंगीची वाट पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आपल्याला तो आहे. घरात कोणास मधुमेह असेल, तर लक्षणांची वाट न पाहता आई-बाबांची आणि स्वतःचीही रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.