वही कुणापाशी?

नांदेडला शिकत असताना मी दीड वर्ष जेवणाची पार्सलं पोहोचवली. वजिराबादमधून उचलायची, तरोड्यापर्यंत न्यायची. रात्री अकराला अ‍ॅपवर दिवसाचा आकडा दिसायचा. तेवढंच अंतर, पण काल ३५ रुपये आणि आज २८. का, ते विचारायला माणूस नव्हता.

त्याच काळात गाडीचं इंजिन बसलं आणि मी फोनवरूनच पाच हजारांचं कर्ज काढलं. हातात एकेचाळीसशे आले, फेडायचे पाच हजार, तेही पंधरा दिवसांत. हप्ता चुकला तेव्हा माझ्या फोनमधल्या नंबरांवर फोन गेले. त्यातला एक लातूरला आजोबांना. आजोबांनी आडत बाजारात तीस वर्षं पोती उचललेली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमची वही कुणापाशी असती रे?"

हा प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, सारा मात्र वाढला होता. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही गेलं. जमावाला हवे होते कर्जरोखे. ते मिळतील तिथे जाळले गेले. कारण रोख्यावर काय लिहिलंय हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि कोर्टात त्याच कागदाचं ऐकलं जायचं.

इंग्रज सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा केला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा. पैसे फेडले की पावती द्यायची. मागितल्यास वर्षाचा हिशेब आणि पासबुकही द्यायचं. कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायचा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणून हा कायदा इथे नव्हता. हैदराबादचा सावकारी कायदा १३४९ फसलीचा, म्हणजे १९३९-४० चा. कायद्याने सावकारी थांबली असं नाही. दख्खनमध्ये अनेक सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली. पण हिशेबाची एक प्रत ऋणकोच्या हातात असली पाहिजे, हे तत्त्व कागदावर आलं.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे डिजिटल कर्जाचे नियम वाचताना मला तोच कायदा आठवला. सगळे खर्च धरून वर्षाचा व्याजदर आधी सांगा. कर्जदाराच्या फोनमधल्या नंबरांना हात लावू नका. मी हे वाचलं ते कर्ज फिटल्यावर.

पण कर्ज ही अर्धीच गोष्ट. मला कर्ज लागलं, कारण मजुरीचा भरवसा नव्हता. इथे आजोबांचा बाजार कामाला येतो. हमाल एका मालकाचा नसतो. सकाळी एका आडत्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. मग पीएफ कोण भरणार? मुंबईच्या बाजारांत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी होती. हमाल आणि मालक दोघांची नोंद एका मंडळाकडे. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्ही वेगळी. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी. वही मालकाच्या गल्ल्यातून उठून तिसऱ्याच्या टेबलावर आली.

डिलिव्हरीवाल्याची अडचण नेमकी हमालाची आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत, जी २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, गिग कामगार हा शब्द आला. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या निधीत भरायचे, अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ साली स्वतःचा कायदा केला. उदगीर-देगलूरच्या पलीकडे कर्नाटकाने २०२५ साली केला. त्यात काम कसं वाटलं जातं, पैसे कसे ठरतात, हे कामगाराला समजेल असं सांगण्याचं बंधन आहे.

माझ्या मते कळीचं कलम हे दुसरं आहे. निधी मिळाला तरी ३५ चे २८ का झाले ते कळणार नसेल, तर आपण अजून निशाणीच करतोय. आणि सर्व्हर रोख्यासारखा जाळता येत नाही.

आजोबांच्या प्रश्नानंतर मी वीस रुपयांची वही घेतली. पहिल्या पानावर आहे: १४ ऑर्डर, ९२ किलोमीटर, अ‍ॅपवर ६१० रुपये, पेट्रोल २१५. सर्व्हिसिंग आणि रिचार्ज वजा करता साडेतीनशेच्या आसपास, तेही अकरा तासांचे. मी तोवर स्वतःला दिवसाला सहाशे कमावणारा समजत होतो, आणि खर्चही तसाच करत होतो.

आता माझा धाकटा भाऊ लातूरला हेच काम करतो. त्याची ई-श्रमवर नोंदणी करून दिली, आणि एक वही दिली. वहीने दर वाढत नाही. पण उद्या कुणी हिशेब मागितला, तर दाखवायला त्याच्यापाशी एक प्रत असेल.