बसऱ्याच्या भिंतीवर नाव नाही

मालवण तालुक्यातल्या एका घरात देव्हाऱ्याशेजारी वीतभराहून लहान अशी काशाच्या रंगाची गोल चकती ठेवलेली आहे. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत एक नाव. घरातले लोक तिला 'पणज्याचां पदक' म्हणतात. पदक नव्हेच ते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली ती स्मृतिचकती. तिच्यावर मुद्दामच हुद्दा घातलेला नसे. मरणात शिपाई आणि साहेब सारखे, हा हेतू.

"गुरुजी, पणज्याचां नाव थय खंय तरी कोरलेलां असतला, मां?" घरातल्या आजोबांनी मला विचारले. मी इतिहास शिकवलेला माणूस. म्हटले, असणारच.

ट्रंकेतल्या एका जीर्ण कागदावर पलटणीचा क्रमांक होता : ११०वी मराठा. म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी कुत-अल-अमारा इथे वेढल्या गेल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपले, घोडी कापून खाल्ली, शेवटी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. मग उन्हातून, वाळवंटातून पायी कूच. पावसाच्या मुलखातली, भात-माशांवर वाढलेली आमची पोरे त्या वाटेवर कशी चालली असतील, याचा विचार करवत नाही.

ज्यांच्या कबरी वा चिता सापडल्या नाहीत अशा ४० हजारांहून अधिकांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभे राहिले. (१९९७ साली सद्दामच्या हुकमाने ते दगड न् दगड सोडवून शहरापासून ३२ किलोमीटरवर हलवले गेले.) तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत. आपल्याकडच्या सुभेदार-जमादारांचीही आहेत. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे आहेत; म्हणजे कोरता येत नव्हती असे नाही.

आपल्याकडच्या गावांतल्या त्या काळच्या पाट्या आठवा. अमुक गावातून इतके गेले, इतके मेले. तिथेही आकडाच. पण ती गावाची पाटी. गावाला माणसे ठाऊक होती. बसऱ्यात कोणाला ठाऊक?

युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली या भेदभावाचा अहवाल काढला आणि माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावे कोठेच लावली गेली नाहीत, असा त्यांचाच अंदाज आहे.

दर्यावर्दींची गोष्ट थोडी वेगळी. समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईतच, मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीजणांना ते माहीत आहे?

आयोगाच्या संगणकावरच्या नोंदवहीत मला अखेर ते नाव सापडले. पलटण, क्रमांक, बापाचे नाव, गाव, मालवण, रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. तेव्हा आम्ही रत्नागिरीतच. कागद छापून घेऊन गेलो. भिंतीवर नाव नाही, वहीत आहे, हे सांगताना मला उगाचच अपराधी वाटत होते.

आजोबांनी चष्मा लावून बापाचे नाव दोनदा वाचले. "गावाचां नाव चुकीचां लिवलानी," म्हणाले आणि कागद घडी करून चकतीखाली ठेवला.