इंजिन धावते, गाडी रेंगाळते : क्लच घसरतोय हे कसे ओळखावे?

वसमत : अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत अशी तक्रार सुरू झाली, की 'क्लचप्लेट गेली' असा निकाल अनेकदा गाडी न तपासताच दिला जातो. तो प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. सुट्या भागांच्या किमतीत मजुरीची भर पडते आणि गाडी गॅरेजमध्ये अडकून राहते. दोष केवळ केबलच्या ताणात असेल, तर हा सारा खर्च व्यर्थ जातो. त्यामुळे आधी निदान आणि मगच दुरुस्ती, हा क्रम पाळणे वाहनधारकाच्या हिताचे आहे.

क्लचचे कार्य

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा व हवे तेव्हा वेगळा करणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाबरोबर फिरणारे जड फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने दाब देणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट घट्ट पकडलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या अस्तराच्या घर्षणामुळे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगवर रेटले जाते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. पेडल पूर्ण सोडलेले असतानाही ही पकड अपुरी पडू लागली, तर त्यास क्लच घसरणे असे म्हणतात.

साधा हिशेब

निदानाची गुरुकिल्ली एका साध्या हिशेबात आहे. कोणत्याही एका गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचे प्रमाण ठरलेले असते. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला २००० फेरे होत असताना वेग ताशी ३० किलोमीटर आहे. तर ३००० फेऱ्यांना तो ४५ झालाच पाहिजे. फेरे ३००० वर गेले आणि वेग ३५ वरच घुटमळला, तर मधली शक्ती कुठेतरी निसटते आहे, हे निश्चित. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० सारख्या अनेक छोट्या गाड्यांत फेरे दाखवणारा काटा नसे. अशा गाडीत इंजिनाच्या आवाजावरून अंदाज घ्यावा लागतो.

याउलट आवाज आणि वेग दोन्ही मंद राहत असतील, तर क्लचला दोष देऊ नये. अशा वेळी इंधनपुरवठा, एअर फिल्टर किंवा चिकटलेले ब्रेक तपासावेत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर इंजिन धावते आणि गाडी जागची हलत नाही, तेव्हा चाकांकडे पाहावे. चाके गरगर फिरत असतील, तर घसरत आहेत ते टायर, क्लच नव्हे.

दोन चाचण्या

पहिली चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर घ्यावी. मागेपुढे वाहन नसताना चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गाडी स्थिर ठेवून अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. क्लच निरोगी असल्यास आवाज आणि वेग हळूहळू, बरोबरीने वाढतात. घसरत असल्यास आवाज झटक्यात चढतो आणि वेग मागे राहतो. इंजिन पुरेसे तापल्यावर चाचणी घेतल्यास दोष अधिक स्पष्ट दिसतो.

दुसरी चाचणी उभ्या गाडीत घेतात. चाकांखाली दगड वा लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक घट्ट ओढावा. गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे नसावे. तिसरा किंवा चौथा गिअर टाकून, इंजिनाला थोडी गती देऊन क्लच सावकाश सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड शाबूत आहे. ते बंद न पडता चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. अशा वेळी पेडल तत्काळ दाबावे. या चाचणीत मोठी उष्णता निर्माण होते, म्हणून ती वारंवार करू नये.

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

केबलच्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असावी लागते. ती सर्वसाधारणपणे एक ते अडीच सेंटीमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अस्तर झिजत जाते तशी ही चाल कमी होते. ती शून्यावर आली की पेडल न दाबताही बेअरिंग स्प्रिंगवर रेटत राहते आणि पकड सैल पडते. अस्तर शिल्लक असल्यास अशा वेळी केबल जुळवून घेणे किंवा अडकणारी केबल बदलणे पुरेसे ठरते. द्रवदाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये परतीचा मार्ग तुंबल्यास दाब अडकून हाच परिणाम होतो. त्यातील द्रव गळून कमी झाल्यास मात्र क्लच घसरत नाही. उलट तो पूर्ण सुटत नाही, गिअर अडतो आणि कुरकुरतो. हे दोन दोष परस्परविरुद्ध आहेत.

बाहेरची जुळवणी योग्य असूनही क्लच घसरत असेल, तर दोष आत आहे. अस्तर झिजलेले असते, प्रेशर प्लेटची स्प्रिंग कमजोर झालेली असते किंवा इंजिनाच्या अथवा गिअरबॉक्सच्या ऑइल सीलमधून गळलेले तेल अस्तरावर पसरलेले असते. तेल गळत असल्यास सील बदलल्याविना नवी क्लचप्लेट बसवणे निरर्थक होय. जुन्या गाड्यांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून आतील धूळ हवेच्या झोताने उडवू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

दुर्लक्ष महागात

वसमत परिसरातील रस्ते तुलनेने सपाट आहेत. सपाटीवर बेताने चालवलेल्या गाडीत सुरुवातीचे घसरणे सहसा लक्षात येत नाही. कुटुंब आणि सामानासह गाडी घाटाला लागते, किंवा मालमोटारीला ओलांडताना वेगाची गरज भासते, तेव्हाच ते उघड होते. आणि नेमका तोच क्षण धोक्याचा असतो. जळक्या वासाकडे दुर्लक्ष करून गाडी रेटल्यास फ्लायव्हीलही तापून खराब होते आणि खर्च वाढतो.

हळदीच्या हंगामात मोंढ्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मालमोटारींच्या रांगेत गाडी हाफ क्लचवर पुढे सरकवली जाते. त्याऐवजी पुढे पुरेशी जागा होईपर्यंत गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून थांबावे. चढावर गाडी थोपवण्यासाठी हँडब्रेक वापरावा, एरवी डावा पाय पेडलवरून काढून ठेवावा. रुतलेली गाडी क्लच जाळून काढण्यापेक्षा चाकांखाली खडी किंवा पोते टाकून काढावी. एवढी शिस्त पाळली, तरी क्लचचे आयुष्य निश्चितच वाढते.