मोटाऊनला पहिलं नंबर वन गाणं देणाऱ्या पोरी, ज्यांचा फोटो त्यांच्याच अल्बमवर नव्हता

‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ हे गाणं तुम्ही ऐकलं असेल, तर बहुतेक बीटल्सचं ऐकलं असेल. नाहीतर कार्पेंटर्सचं. बीटल्सनी ते १९६३ मध्ये रेकॉर्ड केलं आणि कार्पेंटर्सनी १९७५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर नेलं. पण मूळ गाणं या दोघांचंही नाही. ते आहे डेट्रॉइट शहराजवळच्या इंकस्टर नावाच्या गावातल्या शाळकरी पोरींचं. त्यांच्या ग्रुपचं नाव द मार्वलेट्स.

डिसेंबर १९६१ मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत पहिलं आलं. मोटाऊन म्हणजे सोल संगीताची डेट्रॉइटमधली ती जगप्रसिद्ध कंपनी. तिचं हे पहिलंच नंबर वन पॉप गाणं. डायना रॉस आणि तिच्या सुप्रीम्सना तोवर कुणी ओळखतही नव्हतं. मोटाऊनच्या ऑफिसात त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणून चिडवलं जायचं.

आज मात्र सुप्रीम्सचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि मार्वलेट्सचं नाव सांगावं लागतं. असं का झालं?

याचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. सुप्रीम्सकडे ‘स्टेज प्रेझेन्स’ होता, म्हणजे रंगमंचावर उभं राहिल्यावर नजर खिळवून ठेवायची ताकद. बाकीच्यांकडे ती नव्हती. ऐकायला बरं वाटतं, पण हे अर्धंच उत्तर आहे. मोटाऊनमध्ये ही ताकद शिकवली जायची. त्यासाठी शिक्षक होते, तालमी होत्या आणि कंपनी पैसा मोजत होती. त्यामुळे ती कुणाला किती आणि कधी मिळाली, हे बघावं लागतं.

आधी मार्वलेट्सची गोष्ट. इंकस्टर हायस्कूलच्या गायन मंडळातल्या या पाच मुली. स्वतःच्या ग्रुपला त्यांनी आधी ‘कॅसिनयेट्स’ असं नाव ठेवलं होतं. ‘आम्हाला अजून गाता येत नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरची ती कोटी. शाळेच्या स्पर्धेतल्या विजेत्यांना मोटाऊनमध्ये ऑडिशन मिळणार होती आणि या आल्या चौथ्या. पण एका शिक्षिकेने शब्द टाकला आणि त्यांनाही नेलं गेलं. मोटाऊनवाल्यांना आवाज आवडला, पण ते म्हणाले, स्वतःचं गाणं घेऊन या. त्यांच्यातल्या जॉर्जिया डॉबिन्सने विल्यम गॅरेट या ओळखीच्या गीतकाराकडून एक ब्लूज गाणं घेतलं, त्याचं नावच तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं नव्याने लिहिलं. तेच हे ‘पोस्टमन’. पण घरच्या अडचणींमुळे जॉर्जियाला ग्रुप सोडावा लागला. ज्या गाण्याने इतिहास घडवला, त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हतीच. तिच्या जागी वांडा यंग आली. मुख्य आवाज ग्लॅडिस हॉर्टनचा, वय पंधरा-सोळा. ड्रम वाजवत होता मार्विन गे, जो पुढे स्वतःच मोठा स्टार झाला.

गाणं गाजल्यावर अल्बम आला. त्याच्या मुखपृष्ठावर काय होतं, तर एक टपालपेटी आणि तिला लागलेलं कोळ्याचं जाळं. मुली कुठेच नाहीत. कृष्णवर्णीय कलाकारांचा चेहरा दिसला तर गोऱ्यांच्या दुकानात रेकॉर्ड ठेवली जाणार नाही, या धास्तीने त्या काळी कंपन्या बऱ्याचदा असं करायच्या. म्हणजे आवाज देशभर घरोघरी आणि चेहरा कुणालाच ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, मोटाऊनने आपले कलाकार बसमध्ये भरून दौऱ्यावर काढले. त्यात मार्वलेट्सही होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्याने चालू होता. हॉटेलात खोली मिळायची नाही, पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरू द्यायचे नाहीत. अलाबामात आपल्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, अशी आठवण त्या दौऱ्यातल्या कलाकारांनी नंतर सांगितली आहे. शाळकरी वयाच्या या मुली स्टेजवर कसं वावरायचं हे अशा दौऱ्यांत, लोकांसमोर चुका करत शिकल्या. त्यांना शिकवणारा विभाग मोटाऊनमध्ये तेव्हा आकाराला आलाच नव्हता.

तो उभा राहिला १९६४-६५ च्या सुमारास. नाव आर्टिस्ट डेव्हलपमेंट. कामाची माणसं मुख्यतः तीन. मॅक्सिन पॉवेल या बाई डेट्रॉइटमध्ये मॉडेलिंग आणि शिष्टाचाराची शाळा चालवायच्या. कसं चालायचं, उंच स्टुलावर कसं बसायचं, गाडीतून कसं उतरायचं, मुलाखतीत काय बोलायचं, हे सगळं त्या शिकवायच्या. राजवाड्यात आणि व्हाइट हाउसमध्ये उभं राहता येईल असं मी तुम्हाला तयार करतेय, असं त्यांचं सांगणं असायचं. आज कुणाला हे नखरे वाटतील. पण ज्या देशात या मुलींना मागच्या दाराने आत घेतलं जात होतं, तिथे ताठ मानेने पुढच्या दाराने जाण्याची ती तालीम होती.

दुसरे मॉरिस किंग. डेट्रॉइटच्या फ्लेम शो बारमध्ये वाद्यवृंद चालवलेला हा मुरलेला माणूस. कार्यक्रमात कुठलं गाणं कुठे घ्यायचं आणि दोन गाण्यांच्या मधे प्रेक्षकांशी काय बोलायचं, हे तो बसवून घ्यायचा.

तिसरे चॉली अ‍ॅटकिन्स. जुने टॅप डान्सर. यांचं काम सगळ्यात भारी, कारण ते डोळ्यांना दिसतं पण त्यामागचं गणित दिसत नाही. गाणारा माणूस नाचू लागला की त्याला दम लागतो आणि माइकपासून तोंड दूर गेलं की आवाज जातो. शिवाय मुख्य गायिकेला वेगळा माइक आणि मागच्या दोघींना मिळून एकच, अशी सोय तेव्हा नेहमीची होती. म्हणून अ‍ॅटकिन्स पायाच्या हालचाली दोन ओळींच्या मधल्या जागेत बसवायचे, जेणेकरून पुढची ओळ यायच्या आत तोंड माइकपाशी परत आलेलं असेल. ओळ चालू असताना काम फक्त हातांना आणि खांद्यांना. पोवाड्यात शाहिराच्या मागचे झीलकरी कसे नेमक्या जागी ‘जी जी’ धरतात, तशी ही नेमकी वेळ साधायची, पण अंगभर.

आता वेळ जुळवून बघा. १९६४ मध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ या गाण्याचं संगीत तयार झालं होतं. ते आधी मार्वलेट्ससाठी होतं, अगदी ग्लॅडिसच्या पट्टीत बांधलेलं, असं संगीतकार लॅमॉन्ट डोझियरने सांगितलंय. मार्वलेट्सना ते आवडलं नाही. मग ते सुप्रीम्सकडे गेलं. त्यांनाही फारसं पसंत नव्हतं, पण नाही म्हणण्याइतकं त्यांचं वजन कंपनीत नव्हतं. गाणं पहिल्या नंबरवर गेलं आणि पाठोपाठ आणखी चार. सलग पाच. नेमका तेव्हाच शिकवणारा विभाग जोमात आला होता. जुलै १९६५ मध्ये सुप्रीम्स न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या उच्चभ्रू क्लबमध्ये उभ्या राहिल्या, ते या तिघांकडून कसून तयारी करून घेतल्यानंतरच.

मार्वलेट्सनाही धडे मिळाले, नाही असं नाही. पण मोठ्या क्लबची आणि टीव्हीची दारं ज्यांच्यासाठी उघडायची, ते नाव कंपनीने ठरवलेलं होतं. १९६५ मध्ये मोटाऊनची मंडळी इंग्लंडला गेली, त्यात मार्वलेट्स नव्हत्या. ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ मधला हात पुढे करून थांबवायचा तो प्रसिद्ध हावभाव याच दौऱ्यात, लंडनच्या टीव्ही कार्यक्रमाच्या आधी, टेम्प्टेशन्सच्या पोरांनी सुप्रीम्सना घाईघाईत शिकवला. तो जगभर गेला, कारण समोर कॅमेरा होता.

मार्वलेट्सचे आवाज मात्र नंतरही कमी पडले नव्हते. १९६६ चं ‘डोन्ट मेस विथ बिल’ सातव्या नंबरपर्यंत गेलं आणि १९६७ चं ‘द हंटर गेट्स कॅप्चर्ड बाय द गेम’ तेराव्यापर्यंत. दोन्ही स्मोकी रॉबिन्सनची आणि दोन्हींत मुख्य आवाज वांडाचा. आमच्या मते तरी ‘हंटर’ हे त्या दशकातल्या सुप्रीम्सच्या निम्म्या हिट गाण्यांपेक्षा सरस आहे. वांडा त्यात ओरडत नाही, कानात सांगितल्यासारखं गाते.

पण त्या काळातल्या रेकॉर्डवर मागे ऐकू येणारे आवाज अनेकदा मार्वलेट्सचे नव्हतेच. ते होते अँडान्टेस या तिघींचे. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स. या मोटाऊनच्या घरच्या कोरस गायिका. कुणाच्याही रेकॉर्डला गोडवा हवा असला की यांना बोलवायचं, आणि पाकिटावर त्यांचं नाव नाही. १९६८ च्या ‘लव्ह चाइल्ड’ या सुप्रीम्सच्या नंबर वन गाण्यात डायना रॉससोबत बाकीच्या दोन सुप्रीम्स नाहीत, मागे अँडान्टेस आणि इतर गायिका आहेत. म्हणजे ज्या टीव्हीवर दिसत होत्या त्या रेकॉर्डवर नव्हत्या आणि ज्या रेकॉर्डवर होत्या त्यांना कुणी बघितलं नव्हतं. स्टेज प्रेझेन्सची किंमत या एका उदाहरणात कळते.

हे फक्त मोटाऊनमध्ये चालायचं असंही नाही. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला फिल स्पेक्टरने ब्लॉसम्स या ग्रुपकडून ‘हीज अ रेबेल’ गाऊन घेतलं आणि लेबलवर नाव छापलं क्रिस्टल्सचं. गाणं नंबर वन झालं. खऱ्या क्रिस्टल्स तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि न गायलेलं गाणं त्यांना कार्यक्रमात गावं लागलं. ते गाणारी डार्लीन लव्ह लोकांना नीट कळली ती २०१३ च्या ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या ऑस्कर मिळालेल्या माहितीपटाने, तब्बल पन्नास वर्षांनी.

मार्वलेट्सचा शेवट अजून कडू आहे. आजारपण, लग्न, थकवा यामुळे एकेक जण गळत गेली. ग्लॅडिसने १९६७ मध्ये ग्रुप सोडला. १९७० मध्ये ‘मार्वलेट्स परत आल्या’ अशा नावाचा अल्बम निघाला, पण त्यात मूळ ग्रुपमधली एकटी वांडा गायली आहे, कोरस अँडान्टेसचा. मुखपृष्ठासाठी उभं राहायला जुन्या सदस्य कॅथरिन अँडरसनने नकार दिला. मग वांडासोबत दोन अनोळखी बायका उभ्या केल्या गेल्या, चेहरे नीट दिसणार नाहीत अशा. पहिल्या अल्बमवर चेहरेच नव्हते, शेवटच्यावर भलतेच.

नावाची मालकीही या बायकांकडे नव्हती, कंपनीकडे होती. पुढे ते नाव विकलं गेलं आणि त्या नावाने भलत्याच, कधी तर ‘पोस्टमन’ आलं तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुलींचे ग्रुप कार्यक्रम करू लागले. ग्लॅडिसला स्वतःच्या ग्रुपचं नाव वापरण्यासाठी झगडावं लागलं. अशा नकली ग्रुपना आळा घालणारे ‘ट्रूथ इन म्युझिक’ कायदे नंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांत झाले. त्यासाठी फिरणाऱ्यांत सुप्रीम्समधली मेरी विल्सनही होती.

ग्लॅडिस हॉर्टन २०११ मध्ये गेली, वांडा २०२१ मध्ये, कॅथरिन २०२३ मध्ये. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सुप्रीम्स १९८८ मध्येच दाखल झाल्या, बीटल्ससोबत. मार्वलेट्सचं नाव २०१३ आणि २०१५ च्या यादीसाठी पुढे आलं होतं, दोन्ही वेळा निवड झाली नाही.

आज रात्री वेळ असेल तर आधी ‘पोस्टमन’ ऐका, मग ‘हंटर’. आणि नजर खिळवणं म्हणजे काय ते बघायचं असेल, तर मार्था अँड द व्हॅन्डेलाज या मोटाऊनच्याच ग्रुपचा १९६५ चा ‘नोव्हेअर टू रन’ चा टीव्हीसाठी केलेला व्हिडिओ शोधा. तो फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात चित्रित झालाय. याच कारखान्यात काम करणारी कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं इंकस्टरला राहायची, कारण शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये त्यांना घर मिळत नसे. ना रंगमंच, ना झगमगते झगे. कामगार मस्टँग गाड्या जोडतायत आणि त्यांच्यामधून तीन मुली गात चालल्या आहेत.