अकरा की बारा?

परवा रात्री हापिसातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. पोराला रोडबाइक घ्यायची आहे. पैसे जमलेत, दुकान ठरलंय, रंगसुद्धा ठरलाय. फक्त एकच शंका : "दादा, नवीन ग्रुपसेट येणार असं ऐकतोय. थांबू का सहा महिने?" मी "सोमवारी सांगतो" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं तर उत्तर तयार होतं. पण हाच प्रश्न २०२१ साली मी स्वतःला विचारला होता आणि त्याचं जे उत्तर दिलं ते चांगलंच अंगाशी आलं. म्हणून म्हटलं, या विकांताला जरा मागे जाऊन बघू. लोक सायकलीच्या नव्या पार्टसाठी कधी थांबले, आणि थांबून त्यांना काय मिळालं?

ज्यांना सायकलीत गम्य नाही त्यांच्यासाठी : ग्रुपसेट म्हणजे फ्रेम आणि चाकं सोडून सायकलीवरचं जवळजवळ सगळं चालतं सामान. गिअर बदलायचे शिफ्टर, चेन इकडून तिकडे ढकलणारा डिरेलर, मागची दात्यांची कॅसेट, क्रँक, ब्रेक. जपानची शिमानो कंपनी दर काही वर्षांनी याची नवी पिढी काढते. नवं आधी सगळ्यात महागड्या ग्रुपसेटवर येतं, मग एकेक पायरी खाली उतरतं. आपल्यासारखे पगारदार ज्या पायरीवर डोळा ठेवून असतात तिचं नाव १०५.

आमच्या घरात पहिली सायकल आजोबांची. ते इथल्या गिरणीत वीव्हिंगला होते. पहिली पाळी असली की भोंग्याच्या आधी निघायचं, अंधारात. काळी २४ इंची, रॉडचे ब्रेक, गिअर अर्थातच नाही. त्या काळात 'पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येईल' हा विचारच नव्हता, कारण नवीन मॉडेल येतच नसे. वरळीची हिंद, मद्रासजवळची टीआय (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) - नावं वेगळी, पण सायकल जवळपास तीच, विलायती रोडस्टरच्या साच्यातली. बाहेरून माल आणायला बंदी, आत स्पर्धा कशात तर आकड्यात. थांबायचं ते स्कूटरसाठी. बजाजच्या स्कूटरला एके काळी दहा-दहा वर्षं नंबर लागत नसे. पण ते थांबणं कुणी आपणहून निवडलेलं नव्हतं. आमचं थांबणं हा हौसेचा मामला.

आजोबांनी सायकल घेतली तेव्हा तिला दिवा नव्हता. एका हातात बॅटरी धरून ते महिनोन्‌महिने गिरणीत गेले. पुढच्या दिवाळीच्या बोनसमध्ये डायनॅमो आला, त्याच्या पुढच्या वर्षी फुल चेनकव्हर, मग कॅरिअर. आजी सांगते, डायनॅमो लावला त्या रात्री उगाच दोनदा चौकापर्यंत जाऊन आले :-) आजच्या भाषेत सांगायचं तर आधी फ्रेम, मग अपग्रेड. डायनॅमोचे पैसे साठेपर्यंत सायकलच घेतली नसती, तर वर्षभर गिरणीत पायी गेले असते.

आता जरा लांब जाऊ, १८९१ सालच्या फ्रान्समध्ये. (सोलापुरात तेव्हा जुनी गिरणी सुरू होऊन दहा-पंधरा वर्षं झाली असतील.) एका वर्तमानपत्रानं शर्यत काढली : पॅरिसहून ब्रेस्टला जायचं आणि परत यायचं, सुमारे १२०० किलोमीटर. हवा भरायचा टायर डनलॉपनं १८८८ मध्ये आणला होता, पण तो रिमला चिकटवलेला. पंक्चर झाला की तास गेले. मिशेलिन बंधूंनी त्याच १८९१ मध्ये रिमवरून काढता येणारा टायर काढला. अगदी कोरा माल, कुणी लांबवर चालवून बघितलेला नाही. शार्ल तेराँ नावाच्या कसलेल्या सायकलपटूनं तो लावला आणि निघाला. 'थांबू, पुढच्या वर्षी जरा पक्का होईल' असं म्हणाला नाही. वाटेत पंक्चर झालंच, दुरुस्त झालं, आणि गडी न झोपता सुमारे ७१ तासांत पहिला आला. पुढचा स्पर्धक झोपला होता तेव्हा त्यानं त्याला गाठलं, ही त्या शर्यतीतली आवडती गोष्ट. म्हणजे टायरनं मदत केली हे खरं, पण जागरणानं जास्त केली. ही पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे पीबीपी, लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गिअरची गोष्ट बरोबर उलटी. फ्रान्समधले हौशी भटके सायकलस्वार डिरेलर वापरत होते तेव्हा टूर द फ्रान्समध्ये त्याला बंदी होती. स्पर्धेचा जनक हेन्री देग्रांज याचं मत असं की गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी! त्यामुळे जगातले सगळ्यात दणकट सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं फिरवून बसवायचे (एका बाजूला छोटी चक्री, दुसऱ्या बाजूला मोठी) आणि मग चढायला लागायचे. देग्रांज आजारी पडल्यावर सूत्रं जाक गोदेकडे गेली आणि १९३७ मध्ये डिरेलर चालू झाला. हे थांबणं एका माणसाच्या हट्टापायी. आपल्याकडे परवाने होते, त्यांच्याकडे देग्रांज होता.

आणि एक थांबणं मात्र मानावं असं आहे. सनटूर या जपानी कंपनीनं १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुज चौकोनाचा मागचा डिरेलर काढला. चेन दात्यांपासून साधारण सारख्या अंतरावर राहायची, त्यामुळे गिअर अलगद बदलायचे. पेटंट होतं, म्हणून बाकीचे हात चोळत बसले. १९८४ मध्ये पेटंट संपलं. त्याच वर्षी शिमानोनं तीच रचना घेऊन, तिला 'टक' आवाज करत नेमक्या जागी थांबणारा शिफ्टर जोडून ड्युराएस बाजारात आणलं. काही वर्षांत सनटूर बुडाली. आज ते नाव आपल्याला दिसतं ते एमटीबीच्या सस्पेन्शन फोर्कवर. १९९० मध्ये शिमानोनं गिअरचा खटका ब्रेकच्या दांडीतच घातला. तोपर्यंत गिअर बदलायला हँडलवरचा हात काढून फ्रेमच्या खालच्या नळीकडे न्यावा लागायचा. या दोन उड्या खऱ्या. १९८३ साली थांबलेल्या माणसाला मी हसणार नाही. पण १९८३ साली थांबायला हवं हे १९८३ मध्ये कुणाला कळणार होतं?

तर आता माझी कथा. मार्च २०२० नंतर घरून काम, म्हणजे पुण्यातून परत सोलापुरात. पहाटे तुळजापूर रोडला तामलवाडीपर्यंत जाऊन यायचं, कॉलेजातल्या हायब्रिडवर. एक शाळकरी मित्र सोबतीला. २०२१ मध्ये दोघांनी ठरवलं, रोडबाइक घ्यायची. तेवढ्यात शिमानोचं १२ गिअरचं ड्युराएस आणि अल्टेग्रा जाहीर झालं. तोपर्यंत १०५ वर मागे ११ होते. म्हटलं, आता १०५ वर १२ येणारच, घाई कशाला? मित्र म्हणाला, "घे की बे, किती दिवस रिव्ह्यू वाचत बसतो?" त्यानं टिआग्रावाली घेतली, मागे फक्त १०. मी मनातून त्याची कीवच केली.

जून २०२२ मध्ये १०५ वर १२ आलं, पण इलेक्ट्रॉनिक. किंमत बघून साइट बंद केली. केबलवालं येईल म्हणून परत थांबलो. एव्हाना मित्रानं एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पूर्ण केल्या होत्या. ६०० ला ४० तास मिळतात. त्याची दुसऱ्या रात्रीची वर्णनं मी खुर्चीत बसून ऐकली. पीबीपी आता शर्यत राहिलेली नाही, ९० तासांत पुरी करायची यात्रा आहे, आणि ती चार वर्षांतून एकदाच भरते. त्या वर्षी या चारही ब्रेव्हे केलेल्या असल्याशिवाय प्रवेश नाही. केबलवालं १२ गिअरचं १०५ जाहीर झालं जुलै २०२३ मध्ये. पीबीपी सुरू झाली ऑगस्ट २०२३ मध्ये. मित्र गेला आणि पुरी करून आला, तासाभराच्या फरकानं. मी हापिसातून त्याचा ठिपका नकाशावर बघत होतो. परत आल्यावर त्याला विचारलं, गिअर कमी पडले का? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणे झोप कमी पडली, बाकी काही आठवत नाही.

मग मी शांतपणे आकडे मांडले. आधीच मांडायला हवे होते, इंजिनिअर ना आपण! ११ वाल्या १०५ वर ११ ते ३४ दात्यांची कॅसेट चालते. १२ वाल्यावरही ११ ते ३४ मिळते. पुढे दोन्हीकडे तेच ५०-३४. म्हणजे चढावरचा सगळ्यात हलका गिअर तोच, उतारावरचा सगळ्यात जड तोच. मधे एक दाता जास्त. त्या एका दात्यासाठी मी दोन वर्षं आणि एक पीबीपी घालवली. वर गंमत म्हणजे शेवटी घेतली ती ११ चीच. नवं आल्यामुळे दुकानदारानं जुना स्टॉक पंचवीस हजारांनी उतरवला होता. थांबण्याचा फायदा झालाच नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू?

थांबण्यासारखं काही असेल तर ते फ्रेममध्ये असतं. रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला २०१८ मध्ये कायमची मान्यता मिळाली. त्याच्या जरा आधी रिम ब्रेकची भारी फ्रेम घेतलेले लोक खरे फसले, कारण डिस्क बसवायची जागा फ्रेमवर नंतर करता येत नाही. जाड टायरचंही तसंच. फ्रेममध्ये जागा नाही म्हणजे नाही. बाकी शिफ्टर, डिरेलर, कॅसेट हे सगळं आजोबांचा डायनॅमो आहे. बोनस झाला की बदला.

तेव्हा उद्या त्याला दोनच गोष्टी विचारणार आहे : डिस्क आणि थ्रू-अ‍ॅक्सल आहे ना, आणि ३२ मिलिमीटरचा टायर बसतो ना. दोन्हीला हो म्हणाला तर उद्याच पैसे भर म्हणून सांगतो. पुढची पीबीपी २०२७ मध्ये आहे, आणि मलाही ६०० च्या दुसऱ्या रात्री शेजारी कुणीतरी बडबडणारं हवंय. मित्र म्हणतो, त्याचं एकदा झालं तेवढं पुरे.