लिमाट नदीची ऊब

फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला तर गरम लागतं. आतल्या दूध-भाजीतून उपसलेली उष्णता तिथून बाहेर पडत असते. हाच उपसा बाहेरच्या थंड हवेतून किंवा पाण्यातून करून ती उष्णता घरात सोडली, की झाला हीट पंप.

१८५२ साली ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननी, ही कल्पना मांडली. कोळसा शेगडीत जाळण्यापेक्षा त्यावर इंजिन चालवून बाहेरची उष्णता आत ओढली, तर इंधन कितीतरी कमी लागेल, असा त्यांचा हिशेब. तो चोख होता. पण ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक, मग यंत्राच्या वाटेला कोण जाणार?

गरज होती स्वित्झर्लंडला. तिथे कडाक्याची थंडी, आणि कोळसा बाहेरून आणायचा. १९३८ साली झुरिकच्या जुन्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरभवनात, हीट पंप बसला आणि लाकडाच्या शेगड्या गेल्या. इमारत लिमाट नदीला अगदी खेटून. हिवाळ्यात नदीचं पाणी बर्फासारखं गार, पण पंपातलं द्रव्य त्याहूनही गार. त्यामुळे पाण्यातली उष्णता त्या द्रव्यात शिरते, त्याची वाफ होते. कॉम्प्रेसरने दाबली की ती वाफ तापते आणि रेडिएटरच्या पाण्याला ऊब देऊन पुन्हा द्रव होते. हे यंत्र २००१ पर्यंत चाललं. त्रेसष्ट वर्षं! या यंत्रांच्या टिकाऊपणाबद्दल शंका घेणाऱ्यांना मी झुरिकचंच उदाहरण देते.

नदी प्रत्येकाच्या दारात नसते, हवा असते. पण ऊब सर्वांत जास्त हवी तेव्हाच हवा सर्वांत गार असते, आणि बाहेरच्या जाळीवर हिम धरतं. म्हणून हवेवरचे पंप थंड देशांत मागे राहिले. १९७३ च्या तेलटंचाईने संशोधनाला रेटा दिला, पुढे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आले. आज नॉर्वेत निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत.

थंड देशात घर केलेल्या आपल्या मंडळींनी विक्रेत्याला एवढं विचारावं: उणे १५ अंशांना हा पंप किती किलोवॉट ऊब देतो आणि वीज किती खातो? माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुधा अधिक ७ अंशांचा असतो. आणि पंप घेण्याआधी खिडक्या-भिंतींच्या फटी बुजवा. मग लहान पंपानेही भागतं.